हिराबायचं खळं

गेली वीस-बावीस वर्षं मी एक वाक्य वापरत आलोय. "मजकूर मंडळाकडून तसाच आला होता, मी फक्त छापला." बायकोला हेच सांगितलं, मंडळातल्या बायकांना हेच, आणि एकदा त्यांच्या वकिलालाही हेच. ते खरं नाही. महिला मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला, सातव्या पानावरचा तो परिच्छेद मी स्वतः लिहिला. लिहिताना तो खोटा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आज पहिल्यांदा हे कुणाला तरी सांगतोय.

पण एवढ्याने काही कळायचं नाही. मी काय केलं ते कळायला हिराबाय माहीत असावी लागते.

डोंबिवली पश्चिमेला स्टेशनपासून खाडीकडे उतरत गेलं की दहा-बारा मजली इमारतींच्या मागे जुनी आगरी-कोळ्यांची वस्ती लागते. हिराबाय तिथली. बुटकी, रुंद पावलांची, काटक. खाडीत काढलेली रेती होड्यांमधून बंदरावर उतरवायचं काम तिने तीस वर्षं केलं. घमेलं डोक्यावर, ओली फळी पायाखाली. त्यामुळे तिची मान कायमची ताठ झाली होती. डोक्यावर काही नसतानाही ती असल्यासारखी चालायची. आणि मागे बघायचं झालं तर नुसती मान वळवत नसे, अख्खी वळायची. समोरच्याला उगाचच वाटायचं, आता आपलं काही खरं नाही.

माझं तेव्हा स्टेशनजवळ एका जिन्याखाली टाइपसेटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि स्मरणिका. डोंबिवलीत चार माणसं एकत्र आली की मंडळ होतं आणि मंडळाला काही वर्षं झाली की स्मरणिका निघते, त्यावर माझं घर चालायचं. एका दुपारी हिराबाय आत आली. जिन्याखाली सगळ्यांना वाकावं लागायचं, तिला लागलं नाही.

"छापवाला तूच ना? मना बोर्ड पायजे. लिव. महिला मंडळ, साक्षरता वर्ग. वेळ, खाडीला विचारा."

मी हसलो. "बाय, तुम्ही वेळ आकड्यांत सांगा. दुपारी दोन ते चार, असं काहीतरी."

"तुमी कनाला बोलतंस? मी एकटीच आलेय." मग पदराने घाम पुसून, 'ड'चा 'र' करणाऱ्या तिच्या आगरीत म्हणाली, "आकरा रोज बदलतो. रोज नवीन बोर्ड छापून देशील फुकट? नाय ना? मंग लिव सांगतेय ते."

मी लिहिलं. प्रूफ काढून दिलं. तिने ते हातात घेतलं, तर्जनी पहिल्या अक्षरावर ठेवली आणि मोठ्याने वाचायला लागली. एकेक अक्षर, नंतर शब्द, नंतर पुन्हा सबंध ओळ. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. त्यातलं एक म्हणालं, "आजी, घरी जाऊन वाचा ना." हिराबाय अख्खी वळली. "अरतीस वर्सं वाचायचं राहिलंय माजं. तू पाच मिनिटं थांब."

हिराबाय अडतिसाव्या वर्षी वाचायला शिकली. त्यानंतर तिने एक अक्षर फुकट सोडलं नाही. रिक्षात बसली की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. औषधाच्या खोक्यावरचं, बँकेतल्या फॉर्मच्या मागचं बारीक, सगळं. बँकेत रांग तिच्यामागे तुंबायची. कॅशियर म्हणायचा, "मावशी, खाली सही करा, बाकी आमचं रोजचंच आहे." ती म्हणायची, "तुमचं रोजचं, माजं नाय. अंगठा होता तवा मी कदी काय विचारलं नाय. आता सही हाय."

वर्गाची वेळ खाडीला विचारायची, हा विनोद नव्हता. ओहोटीला होड्या रेती काढायला जायच्या. भरती लागली की भरून परत यायच्या आणि बायकांना बंदरावर हजर राहावं लागायचं. म्हणजे होड्या बाहेर असतील तेवढाच वेळ बायका मोकळ्या, आणि तो वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकणार. हे ज्यांनी पहिल्यांदा समजून घेतलं त्या कुमुदताई. पूर्वेला राहणाऱ्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका, मूळच्या कोकणातल्या, काटेकोर. कुटुंबांची मोजणी करायला त्या वस्तीत आल्या होत्या. हिराबाय तेव्हा घरामागच्या खळ्यावर सुकट वाळत घालत होती. तो प्रसंग मला दोघींनीही सांगितलाय, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

"नाव?" "हिराबाय." "वय?" "असेल अरतीस." "शिक्षण?"

"तिकरं काय लिवशील?"

"निरक्षर."

"आज लिवू नको. आधी शिकव, मंग काय ते लिव."

कुमुदताई सांगायच्या, "मी रकाना कोरा ठेवला हो. नोकरीत पहिल्यांदा. आणि दोन दिवसांनी पुन्हा गेले तर खळ्यावर चौदा बायका बसलेल्या." सुकट एका बाजूला सारून शेणाने सारवलेली ती जागा वर्ग झाली. कुमुदताईंनी पंचांगातली तिथी बघून भरती-ओहोटीचा हिशोब बसवायला शिकून घेतलं. शाळेतून सुटून त्या कधी दुपारी तीनला यायच्या, कधी साडेपाचला, आणि ओहोटी सकाळी असली की शाळेआधी. शिक्षण खात्यातला एक साहेब पाहणीला आला आणि वेळापत्रक बघून भडकला. "हे काय चाललंय? शाळेला घंटा नको?" हिराबाय म्हणाली, "आमची घंटा खारी वाजवते. तिला मेमो दे."

असं ते मंडळ सुरू झालं. पुढे शिवण, बाळंतिणींची देखभाल, दवाखान्यात बायकांसोबत जाणं, रेशनकार्डाचे अर्ज, आणि बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग. पण सुरुवात त्या खळ्यावर झाली. खळं हिराबायच्या सासऱ्याचं. सासऱ्याने ते सुनेला दिलं, सुनेने मंडळाला. कागद कुणी केला नाही. घरातल्या घरात कागद करायचा असतो हे वस्तीत कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

हिराबायचं म्हणून जे काही होतं ते एका गोष्टीत सगळं आहे. वर्गात एक नवी बाई यायची, गुलाब. तिच्या नवऱ्याने एकदा चिडून तिची वही फाडली. दुसऱ्या दिवशी गुलाब आली नाही. हिराबायने चौकशी केली आणि वर्गाला म्हणाली, "उठा." चौदाच्या चौदा बायका पाट्या घेऊन गुलाबच्या घरी गेल्या आणि तिच्या नवऱ्याच्या ओटीवर बसल्या. कुमुदताई घाबरलेल्या. "हिराबाई, भांडण होईल."

"भांडन कनाला? वर्ग हाय. शिकव तू."

कुमुदताईंनी ओटीवर जोडाक्षरं शिकवली. नवरा बाहेर आला, ओरडला. बायकांनी त्याच्या ओरडण्याच्या वर आवाज चढवून जोडाक्षरं म्हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने पाणी आणून दिलं. पाचव्या दिवशी तो बाजारातून नवी वही घेऊन आला आणि हिराबायपुढे टाकली.

"घ्या. आणि माझी ओटी सोडा."

हिराबायने वही उघडून बघितली. "समास नाय आखले. पट्टी घे, बस इकरं, आख."

आणि त्याने आखले. पोरंटोरं, म्हातारे, अख्खी वस्ती बघत होती. शेवटचं पान आखून होईपर्यंत वर्ग उठला नाही.

खोलीची गोष्ट त्यानंतरची. पावसाळ्यात खळ्यावर बसता येईना, तेव्हा खोली बांधायची ठरली. सिमेंट कुमुदताईंनी पूर्वेला घरोघर फिरून मिळवलं, विटा एका भट्टीवाल्याकडून आल्या. रेतीचं हिराबाय म्हणाली, "ती आमची." प्रत्येक बाईने दिवसाच्या शेवटी एक घमेलं बंदरावर न टाकता खळ्यावर आणायचं. रोज एक. ठेकेदाराला कळलं तेव्हा त्याने बंदरावर सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं.

हिराबायने डोक्यावरचं घमेलं उतरवलं नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "दिसभराची रेती तुजी. शेवटचं घमेलं आमचं. आमच्या मानेचं भारं समज." ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बाकीच्याही आल्या नाहीत. भरतीला भरलेल्या होड्या बंदराला लागल्या, उतरवायला कुणी नाही. ओझ्याने होड्या पाण्यात खाली बसायला लागल्या, होडीवाले शिव्या घालायला लागले. संध्याकाळी ठेकेदाराचा मुनीम खळ्यावर आला आणि बघितलं न बघितलं करून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून शेवटचं घमेलं रीतसर खळ्यावर जायला लागलं. दोन पावसाळ्यांच्या मधे खोली उभी राहिली.

हिराबाय स्वतः दहावीला बसली ती पन्नाशी उलटल्यावर. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. परीक्षेच्या पहिल्या दिवशी शाळेच्या दारावर एका तरुण शिक्षकाने तिला अडवलं. "आजी, डबा द्यायचा असेल तर मधल्या सुट्टीत."

"डबा नाय. हॉल तिकीट हाय. वाच."

ती इंग्रजीत नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. मी एकदा विचारलं, "बाय, वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाईट त्यांना वाटू दे. दोन येला मी त्यांच्या दाराशी जेले, दोनी येला त्यांनी मना आत घेतलं नाय. तिसऱ्यांदा पन जानार." तिसऱ्यांदा ती पास झाली. पेढे वाटले नाहीत. गुणपत्रिका घेऊन दुकानात आली, ती सगळी मोठ्याने वाचून दाखवली, खालच्या सूचनांसकट, आणि निघून गेली.

आता माझं सांगतो.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अध्यक्षपदी एका बिल्डरची पत्नी होती. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यामुळे शिवणयंत्रं आली, संगणक आला. स्मरणिकेचं काम माझ्याकडे दिलं, इतिहासही मीच लिहायचा होता. कुमुदताई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. म्हणून मी सुरुवातीच्या दिवसांसाठी हिराबायकडे चार दुपारी बसलो. वर खळ्याचं आणि खोलीचं जे लिहिलंय ते बहुतेक त्या चार दुपारींतलं आहे. ती सांगायची, मी लिहायचो. एकदा मी लिहिलेलं तिने वाचून बघितलं आणि म्हणाली, "हा. खल्याचं बराबर लिवलंस."

मजकूर जुळवून झाला. मग एका सकाळी बिल्डरसाहेब स्वतः जिन्याखाली आले. एवढा मोठा माणूस वाकून आत शिरला याचंच मला दडपण आलं. त्यांनी प्रूफ मागितलं, सातव्या पानावर थांबले. म्हणाले, "हे खळ्याचं वगैरे छान आहे, पण जरा पसरट वाटतं. जागा आमच्या कुटुंबाने दिली, असं हवं. आणि 'तात्पुरत्या वापरासाठी' हे शब्द घाला. बाकी तुमची भाषा, तुम्ही साहित्यिक माणूस."

मी म्हणालो, "पण साहेब, हिराबाय म्हणाली की..."

"म्हातारी माणसं काहीही सांगतात हो." मग त्यांनी माझ्या दुकानाकडे, खालपासून वरच्या जिन्यापर्यंत, एकदा नजर फिरवली. "इथे बसून काम कसं करता तुम्ही? आमच्या नव्या इमारतीत खाली गाळे निघतायत."

एवढंच बोलले. अट घातली नाही. मीही काही मागितलं नाही. ते गेल्यावर मी बसलो आणि हे लिहिलं: 'मंडळाच्या प्रारंभकाळी जागेची मोठी अडचण होती. ती ओळखून एका दानशूर कुटुंबाने आपली जागा मंडळाला तात्पुरत्या वापरासाठी उदार मनाने दिली व तीवर वास्तू उभारून दिली. परिसरातील भगिनींनीही या कार्यास यथाशक्ति हातभार लावला.'

'उदार मनाने' त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं. 'यथाशक्ति हातभार'ही माझंच. दोन्ही शब्दयोजना मला त्या वेळी चांगल्या वाटल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

खळ्याच्या शेजारची जमीन हिराबायच्या दिराने त्या आधीच बिल्डरला विकली होती, आणि दोन्हींमधली हद्द कागदावर कुणी आखलेली नव्हती. 'तात्पुरत्या वापरासाठी' हे शब्द कशासाठी हवेत हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं.

समारंभ मोठ्या सभागृहात झाला. हिराबाय पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या नऊवारीत. स्मरणिका हातात पडल्याबरोबर तिने मुखपृष्ठापासून वाचायला घेतली. व्यासपीठावर भाषणं चाललेली, आणि तिचं बोट ओळींखालून सरकतंय. शुभेच्छा, जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत. मी पडद्याच्या बाजूला उभा राहून पानं मोजत होतो. अध्यक्षाबाई आभार मानत असताना ती सातव्या पानावर पोहोचली. बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग ती उठली.

"ए बाय, थांब जरा. हे चुकलंय. ही जागा माज्या सासऱ्याची. खोली आमी बांदली."

 अध्यक्षाबाई गोंधळल्या. खरं सांगायचं तर त्यांनाही नीट माहीत नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "संपादक इथे आहेत. काय हो, काही चूक झालीय का?"

माईक माझ्या हातात आला. हिराबाय अख्खी वळून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. छापवाला आता सांगेल, अशा भरवशाने. मी म्हणालो, "जुन्या आठवणींत थोडीफार गल्लत होते. बाईंचं वयही झालंय. त्यांच्या भावनांचा आपण आदर करू या."

टाळ्या पडल्या. टाळ्या.

हिराबाय खाली बसली नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. थांबल्यावर म्हणाली, "माजं वय झालंय. माज्या सासऱ्याचं खलं होतं तितंच हाय." आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. तिच्यामागे वस्तीतल्या बायका उठल्या, एकेक करत. मागच्या रांगा रिकाम्या झाल्या.

वर्षभराने मला गाळा मिळाला, जुन्या भावात. हे मी त्याच गाळ्यात बसून लिहितोय.

त्यानंतर हिराबाय माझ्याकडे आली नाही, पण मंडळ तिने सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडेल. उलट रोज जायला लागली. रेतीचं काम पुढे बंद पडलं, बायका घरकामाला, पॅकिंगला जायला लागल्या, वर्गाची वेळ आकड्यांत आली. शिकायला आता उत्तरेकडून आलेल्या सुनाही यायच्या. हिराबाय त्यांना आगरीतून मराठी शिकवायची. एकदा एका तरुण कार्यकर्तीने तिला म्हटलं, "आजी, प्रमाण भाषा शिकवायला हवी." हिराबाय म्हणाली, "ती तू शिकव. मी भांडायची शिकवते."

तीन वर्षांपूर्वी पुनर्विकासाची नोटीस आली. मंडळाने खोली रिकामी करावी, जागा मालकाची आहे, वापर तात्पुरता होता. पुरावा म्हणून सोबत मंडळाच्याच स्मरणिकेचं सातवं पान जोडलेलं. प्रकरण ठाण्याला कचेरीत गेलं. स्मरणिकेच्या शेवटी माझं नाव बघून मंडळाचे वकील गाळ्यावर आले आणि मी त्यांना माझं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं.

तरी सुनावणीच्या दिवशी मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. मागच्या बाकावर बसलो. हिराबाय पुढे, ऐंशीच्या घरातली, हातात काठी, मान तशीच. समोरच्या वकिलाने सातवं पान दाखवलं. हिराबाय म्हणाली, "इकरं द्या."

अधिकारी सौम्य माणूस होता. "आजी, वाचायची गरज नाही. ते आम्ही बघितलंय."

"तुमी बघितलंत. मी वाचते."

तिने चष्मा चढवला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मोठ्याने, एकेक शब्द. 'दानशूर' वाचला. 'तात्पुरत्या'ला थांबून ते दोनदा वाचलं. माझा परिच्छेद तिच्या तोंडून बाहेर पडत होता आणि माझ्या कानांत कढत तेल पडावं तसा पडत होता. चार ओळींना किती वेळ लागला कोण जाणे. कुणी तिला थांबवलं नाही. शेवटचा शब्द झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला.

"वाचलं. खोटं हाय."

"पुरावा आहे का आजी काही? कागद?"

"त्या भिंतीत रेती हाय ती आमी डोक्याव आनली. कागद नाय. ज्याला खरं ठाऊक हाय त्याला ठाऊक हाय."

आणि ती वळली. अख्खी. बाकांच्या रांगांवरून तिची नजर सरळ माझ्यावर आली. मला उठता आलं असतं. माझ्या आणि त्या टेबलाच्या मधे आठ-दहा पावलं होती. मी खाली चपलांकडे बघितलं. वर बघितलं तेव्हा ती पुन्हा पुढे वळली होती.

अधिकाऱ्याने तूर्त जैसे थे ठेवायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर जिन्यावर ती माझ्यासमोर थांबली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

"छापवाल्या, तुजं नाव मी घेतलं नाय."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"घेतलं असतं तर तू परत खोटं बोल्ला असतास. एका मानसाकून किती येला खोटं बोलवून घ्यायचं? तुजं नाव तूच घे." आणि सोबतच्या मुलीला म्हणाली, "चल गं, रिक्षा बघ. शेरिंगवाली नको, मना हात हलवायला जागा लागते."

गेल्या वर्षी घरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. मुलीने तिला आंबिवलीला आपल्या घरी नेलं. मी महिनाभर जाऊ-नको करत शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. वाटलं होतं खाटेवर असेल, थकली असेल, माझं बोलणं मऊपणे ऐकून घेईल. तिथे पुढच्या पडवीत ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, वॉकर बाजूला ढकलून दिलेला, आणि समोर जमिनीवर शेजारच्या चार बायका वह्या उघडून. एकीचं बोट ओळीवर.

मी पायरीवर उभा राहिलो. "बाय."

तिने बघितलं. "कचेरीत जेलास?"

"नाही. पण मला तुला..."

"मंग इकरं कनाला आलास?"

"माझं चुकलं, हे सांगायला."

"मना ठाऊक हाय तुजं चुकलं. मना सांगून काय व्हनार? ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग." आणि ती समोरच्या बाईकडे वळली. "तू कनाला थांबलीस? पावना हाय, परीक्षक नाय. वाच म्होरं."

बाई वाचायला लागली. अडखळली. हिराबायने खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक केलं, "परत," म्हणाली. बाईने परत वाचलं. मी पायरीवर उभाच होतो, आणि माझ्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. गेटातून बाहेर पडताना मी मागे बघितलं. वॉकरला हात न लावता, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन हिराबाय उठायचा प्रयत्न करत होती. मागच्या बाईच्या वहीत काहीतरी चुकलेलं तिला बसल्या जागेवरून दिसलं होतं.

त्यानंतर सात आठवड्यांनी ती गेली. अंत्ययात्रा वस्तीतूनच निघाली, मी लांबून बघितली.

खोली अजून उभी आहे. आठवड्यातून चार दिवस वर्ग भरतो. प्रकरणाची पुढची तारीख लागलीय. खळं कुणाचं होतं हे तिच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेला आणि नंतर ते बदललेला असा एकच माणूस आता शिल्लक आहे. मला त्या तारखेला ठाण्याला जाऊन, माझं नाव सांगून, शपथेवर एक जबानी द्यायची आहे: सातव्या पानावरचा परिच्छेद मी लिहिला, तो खोटा होता, आणि सभागृहात मी खोटं बोललो. हे इथे लिहिल्याने ती दिली असं होत नाही. ती अजून द्यायची आहे.